लुपेबाईंचं ठिगळ

"छान आहे, बाई."

"छान म्हणजे काय?"

"म्हणजे... छानच आहे."

"आणि तुला काय वाटलं, सेमिसी?"

"मलापण छानच वाटलं, बाई."

प्लायवुडच्या भिंतीपलीकडून हेच संभाषण मी सकाळपासून ऐकत होते. माझा गणिताचा वर्ग आणि लुपेचा वर्ग यांच्यामध्ये एवढीच भिंत आहे. तिच्याकडे कविता चालू असली की माझी मुलं गुणाकार विसरतात आणि मी ओरडले की तिची मुलं कविता विसरतात. त्या दिवशी मात्र कविताही नव्हती आणि ओरडाही नव्हता. फॉर्म फाइव्हच्या, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी आपल्या ओळखीच्या एकेका माणसावर तीन-चार मिनिटांची फिल्म केली होती. मोबाइलवर चित्रं घ्यायची आणि स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगायची. मग ती वर्गाला दाखवायची, बरोबरच्या मुलांची मतं ऐकायची, फिल्म सुधारायची, पुन्हा दाखवायची, आणि सत्र संपताना चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या गावासमोर लावायची.

हा विषय खरं तर एका तरुण मास्तरांचा. ते न्यूझीलंडला निघून गेले आणि लॅपटॉप, प्रोजेक्टर, वायरींचा गुंता असं सगळं लुपेच्या गळ्यात पडलं. तोकिलुपे हे तिचं पूर्ण नाव, पण भर महासागरातल्या आमच्या अख्ख्या लिफुका बेटावर तिला लुपेबाईच म्हणतात. निवृत्तीला टेकलेली, भाषेची शिक्षिका, लग्न न केलेली, आईवडिलांच्या घरात एकटी राहणारी. कॉम्प्युटरचं तिला काडीचंही कळत नव्हतं, पण गोष्ट कुठे अडखळते ते तिला बरोबर कळायचं. मुलांना तेच शिकवायचा तिचा हट्ट होता.

"अरे, कुणीतरी काहीतरी वाईट बोला रे!" शेवटी ती ओरडलीच.

आमच्याकडे दुसऱ्याच्या कामात तोंडावर खोट काढणं म्हणजे त्याच्या आईने वाढलेलं ताट लोटून देण्यासारखं आहे. वाईट बोलायचं ते पाठीमागे, आणि त्यात मात्र आम्ही कुणाला हार जाणार नाही.

मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे येऊन धपकन बसली. "एसेता, माझी मुलं मुकी झालीत गं. मघाशी एकीने फिल्म उलटी लावली होती. माणसं डोक्यावर चालत होती. तरी सगळे म्हणाले, छान आहे."

"तू नाही अशी गप्प बसत," मी म्हटलं. "शनिवारी सगळ्या बायकांसमोर मला काय म्हणालीस? 'एसेता, तुझ्या तुकड्यातून अख्खी होडी जाईल.'"

"मग? जातच होती."

"आणि मला राग आला का?"

लुपे हातातलं केळं तसंच टेबलावर ठेवून वर्गात गेली.

शनिवारी आम्ही बायका शेडमध्ये तापा करायला बसतो. तुतीची साल ठोकून ठोकून पातळ करायची आणि त्या पट्ट्या खळीने एकमेकींना चिकटवून मोठं कापड करायचं. ठोकताना सालीला भोकं पडतातच. जिला भोक दिसेल तिने त्यात बोट घालून सगळ्यांना दाखवायचं, हवी तेवढी थट्टा करायची, पण लगेच सालीचा एक तुकडा फाडून, खळ लावून तिथे बसवायचा. नुसतं बोट घालून मोकळी होणारीला कुणी शेजारी बसवून घेत नाही.

सुट्टी संपल्यावर लुपेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: भोक दाखवा, ठिगळ आणा.

मुलांना हे लगेच कळलं. सगळ्यांच्या आया त्याच शेडमध्ये बसणाऱ्या. पण गट पाडताना लुपेने घोटाळा केला. तिने सरळ चिठ्ठ्या टाकल्या, आणि सेमिसीच्या गटात त्याच्या दोन चुलत बहिणी आल्या. आमच्याकडे चुलत, मावस, आते, मामे असा भेद नाही, सगळे बहीण-भाऊच. आणि वयात आलेले बहीण-भाऊ एका ठिकाणी बसून सिनेमा बघत नाहीत. वर्गात बाई समोर असताना, मुली पुढे आणि मुलं मागे असं चालून जातं. पण एका लॅपटॉपवर डोकी जुळवून बसायचं म्हणजे फारच झालं. सेमिसीने शर्ट डोक्यावर ओढून घेतला आणि आतूनच म्हणाला, "छान आहे."

मग गट पाडायचं काम माझ्याकडे आलं, गणित म्हणून. आयुष्यात एवढं अवघड गणित मी सोडवलं नव्हतं. ज्याला उचलावं तो कुणाचा तरी भाऊ निघे. शेवटी मुलींचे गट वेगळे, मुलांचे वेगळे असं करून मी सुटले. केलेपी तेवढा उरला. तो त्याच वर्षी खालच्या एका बेटावरून शिकायला आला होता आणि पाद्रीबाबांच्या घरी राहायचा. वर्गात तो कुणाचाच कुणी नव्हता, त्यामुळे कुठेही चालत होता. त्याला मी नानिसीच्या, मुलींच्या गटात टाकलं.

केलेपीची स्वतःची फिल्म पाद्रीबाबांवर होती. मुलींनी ती बघितली, एकमेकींना कोपरखळ्या मारल्या, आणि मग ओफा म्हणाली, "भोक सांगू? अख्ख्या फिल्ममध्ये डुक्कर दिसतं. पाद्रीबाबा फक्त गुडघ्यापर्यंत."

"डुक्कर हलत होतं, त्याच्यामागे पळावं लागलं," केलेपी म्हणाला.

"ठिगळ ऐक. ते रोज सकाळी डुकराला रविवारचं प्रवचन वाचून दाखवतात. आम्ही कुंपणावरून ऐकतो. ते घे ना."

त्याने ते घेतलं. डुक्कर मान हलवतंय आणि पाद्रीबाबा त्याला विचारतायत, "हे जरा लांबलं का रे?" ती फिल्म बघून लुपेसुद्धा हातात तोंड लपवून हसली. मग मुलांना चटकच लागली. भोकं सापडू लागली, ठिगळं येऊ लागली. आजीचा आवाज वाऱ्यात हरवला तर घरात घे. मामा बोलतो त्यापेक्षा मामाचे हात बोलतात, ते दाखव. भिंतीपलीकडे मला वर्गमूळ शिकवणं मुश्कील झालं.

नानिसीची फिल्म लागली त्या दिवशी मी दोन वर्गांमधल्या दारातच उभी होते. आमच्याकडे वीज नव्हती आणि लुपेकडे होती, म्हणून माझ्या मुलांना मी गणितं घालून आले होते. नानिसी ही लुपेच्या सख्ख्या मोठ्या भावाची नात. फिल्म त्या भावावर, सालेसीवर होती.

पडद्यावर आधी जाळं विणणारे हात आले. मग सालेसीचा चेहरा आला, दारासमोर नुसत्या बनियनवर बसलेला, आणि नातीला गोष्ट सांगणारा.

"तर हा एवढा मोठा मासा. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय. दोघांनाही वाटतंय, समोरचा जास्त मूर्ख आहे. तेवढ्यात मला शिंक आली. आणि पोरी, तुला सांगतो, मासा घाबरला नाही. मीच घाबरून पाण्यात पडलो!"

आणि सालेसी हसायला लागला. असा हसला की वरचे खोटे दात निसटले. ते त्याने तळहातावर झेलले आणि त्या दातांकडे बघून पुन्हा हसू लागला. वर्ग बाकांवर लोळत होता.

मी लुपेकडे पाहिलं. फिल्म सुरू झाली तेव्हा तिने रीतीप्रमाणे मान खाली घातली होती. भावाची थट्टामस्करी बहिणीने बघायची नसते. पण हसण्याचा आवाज आला आणि तिची मान वर झाली. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं ती बघत नव्हती. फिल्म संपली तरी ती पांढऱ्या पडद्याकडेच बघत होती.

केलेपीने हात वर केला. "छान आहे. पण एक भोक आहे. होडीतून आल्यावर आजोबा सगळ्यात चांगला मासा बाजूला काढतात. पानांच्या टोपलीत घालतात. निघतात. आणि पुढच्याच चित्रात रिकाम्या हाताने परत. मासा गेला कुठे? मांजराने खाल्ला?"

कुणीही हसलं नाही. नानिसी बाकाचा कोपरा नखाने खरवडत होती.

"ठिगळ सोपं आहे," केलेपी म्हणाला. "मोबाइल घेऊन त्यांच्या मागे मागे जा."

ओफाने बाकाखालून त्याला सणसणीत लाथ घातली. त्याला काही कळेना. लुपेने प्रोजेक्टरची वायर उगाचच काढून पुन्हा लावली आणि म्हणाली, "पुढची फिल्म."

तिच्या वर्गात भोक दाखवून ते तसंच सोडून दिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

वर्ग सुटल्यावर केलेपी माझ्याकडे आला. "बाई, मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही रे. तो मासा लुपेबाईंच्या घरी जातो."

"मग त्यांनी तसं सांगायचं ना."

"सालेसी आजोबा त्यांचे सख्खे भाऊ आहेत."

"अरे देवा!" केलेपीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. पुढे काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याच्या बेटावरही आदर हा आदरच असतो.

समुद्रावरून आलेला पहिला, चांगला मासा बहिणीचा. सालेसीने हे जन्मभर पाळलं. तो मागच्या दाराच्या पायरीवर टोपली ठेवतो आणि वळून चालू लागतो. लुपे आत उभी असते. त्याची पावलं वाटेवर पोचली की मग दार उघडते. तो समोरून आला तर दोघंही डोळे खाली घालून, कामापुरतं, अतिशय गोड शब्दांत बोलतात. गावात या बहीण-भावाचं उदाहरण देतात. अशा गोष्टीचा फोटो काढायचा, तो गावाला दाखवायचा, आणि तोही बहीण शिकवते त्या वर्गातून. नानिसीची काय बिशाद होती!

शनिवारी शेडमध्ये लुपे माझ्या शेजारी बसली. खळीचं भांडं आमच्या दोघींत एकच होतं. तिने कुणाचीही थट्टा केली नव्हती, आणि लुपे शेडमध्ये थट्टा करत नाही म्हणजे मामला गंभीर असतो.

"तुझी पट्टी वाकडी जातेय," मी म्हटलं.

"जाऊ दे."

"लुपे, काय झालंय?"

तिने हातातला खळीचा बोळा खाली ठेवला. "तो मला खांद्यावर घेऊन खडकांपर्यंत न्यायचा. लहान असताना. ओहोटीला. मी त्याचे केस धरून बसायचे. मग एक दिवस आईने त्याची चटई उचलली आणि मुलग्यांच्या वेगळ्या झोपडीत नेऊन टाकली. आमचं वय झालं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्यासमोर हसला नाही."

"ते तर सगळ्यांच्याच घरात होतं. माझे भाऊ काय माझ्यासमोर नाचत होते?"

"मी तक्रार करत नाहीये गं. त्याने मला राणीसारखं ठेवलं. वडील गेले, आई गेली, एकदाही मला मासा कमी पडू दिला नाही. कोण करतं एवढं?" तिने बोळा पुन्हा उचलला. "पण एसेता, तो हसतो कसा तेच मी विसरले होते. परवा पडद्यावर बघितलं तर मला कळेचना, हा कोण माणूस आहे. मला पुन्हा बघायचंय ते. वेड्यासारखं वाटतं. रोज रात्री ठरवते की लॅपटॉप उघडायचा, आणि उघडत नाही."

"उघड की. कोण बघतंय?"

"पडद्यावरून तो नाही का बघत?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात खळीने माखलेले. शेवटी मीच माझ्या बाहीने तिचं तोंड पुसलं.

इकडे मुलींच्या गटात वेगळंच शिजलं होतं. ओफा आणि तिच्या मैत्रिणींनी नानिसीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दात निसटायचा भाग काढून टाक, बनियन काढून टाक, मासाही काढून टाक, बाई किती अवघडल्या होत्या बघितलंस ना? सगळं प्रेमाने, सगळं आदराने. ठिगळं घेऊनच आल्या होत्या बिचाऱ्या.

आठवड्याने नानिसीने दुसरी फिल्म लावली. सालेसी कोट घालून, चर्चला जाताना नेसतात ती चटई कमरेला गुंडाळून, खुर्चीवर ताठ बसला होता. "समुद्र देवाने दिला आहे," तो म्हणाला. "आपण त्याचे आभार मानले पाहिजेत." मग सूर्यास्त. मग पुन्हा सालेसी. मग आणखी एक सूर्यास्त.

"छान आहे," ओफा म्हणाली.

"छान आहे," बाकीच्याही म्हणाल्या.

केलेपी पायाकडे बघत होता. लाथेची आठवण ताजी असावी. पण त्याच्याच्याने राहवेना. "भोक एकही नाही," तो म्हणाला. "एवढं कापलंस की कापडच उरलं नाही. नानिसी, दात कुठे गेले?"

नानिसीने चोरून लुपेकडे पाहिलं. "मी काढले. बरं दिसत नव्हतं ते... बाईंसमोर."

आता सगळा वर्ग लुपेकडे बघू लागला. मी दारात होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी आमच्याकडे वीज होती, तरी मी दारात होते. मला माहीत होतं की तिने नुसतं "छान आहे" म्हटलं की सुटली. कुणी तिला नाव ठेवलं नसतं. उलट चांगलंच म्हणाले असते. आणि ते हसणं नानिसीच्या मोबाइलमधून कायमचं पुसलं गेलं असतं.

लुपे टेबलापासून निघाली आणि केलेपीच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या वजनाने बाक करकरला.

"मी इथे बसले की बाई नाही," ती म्हणाली. "तुमच्यासारखीच एक बघणारी. मला बोलायचंय. बोलू?"

"बोला, बाई," नानिसी पुटपुटली.

"भोक आहे. हा कोटातला माणूस मला ओळखीचा आहे. याला मी रोज रस्त्यात बघते. तू मला दुसरा एक दाखवला होतास, तो मला..." तिने पुन्हा सुरुवात केली. "तो मला फार आवडला होता. त्याला परत आण. दातांसकट."

वर्गात कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आणि माशाचं ठिगळ मी देते. शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात ये. आतून घे. त्यांचा चेहरा नको, हात आला तरी पुरे. टोपली ठेवलेली दिसू दे. मी उचललेली दिसू दे. आम्ही दोघं एका चित्रात येणार नाही, म्हणजे झालं ना?"

"पण आजोबांना विचारायला हवं," नानिसी म्हणाली.

"मग विचार."

"आणि हॉलमध्ये, बाई? आजोबा येतील. तुम्हीपण असाल."

"ते माझं मी बघेन," लुपे म्हणाली.

नानिसीने घरी विचारलं. सालेसीने जाळ्यातून मान वर न काढता एवढंच म्हटलं, "तिला चालणार आहे का?" चालणार आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग मला विचारतेस कशाला?"

हॉलमधला कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. अंधार करायला खिडक्यांवर चटया टांगल्या होत्या, त्यामुळे आत भट्टी झाली होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मुलं जिकडेतिकडे. लुपेसाठी सगळ्यात पुढे चांगली चटई अंथरली होती. तिच्या वर्गाचा कार्यक्रम, मान तिचाच. ती सणासुदीला बांधतात तशी नवी, फुलाफुलांची विणलेली पट्टी कमरेला बांधून येऊन बसली, आणि पाद्रीबाबांची बायको तिला पंख्याने वारा घालत होती.

दोन फिल्म झाल्या. मग मागच्या दारात सालेसी उभा राहिलेला मला दिसला. कोट, चटई, पाणी लावून बसवलेले केस. त्याने हॉलभर नजर फिरवली, पुढे बहीण बसलेली पाहिली, आणि जसा आला तसा मागे फिरला. आवारातल्या नीरफणसाच्या झाडाखाली जाऊन, हॉलकडे पाठ करून तो बसला. भावानेच बाजूला व्हायचं असतं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नसेल.

नानिसीनेही ते पाहिलं. तिची फिल्म पुढची होती. ती लॅपटॉपच्या बटणावर बोट धरून उभी राहिली, दाबेना. लोक कुजबुजायला लागले.

लुपेने मान वळवून नातीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. आणि ती उठली.

"अगं, कुठे निघालीस?" पाद्रीबाबांची बायको म्हणाली. "तुझाच तर कार्यक्रम!"

"किटली बघते."

किटली नव्हतीच. बादल्यांमध्ये संत्र्याचं सरबत केलेलं होतं. बहिणीने भावासाठी आपली जागा सोडायची असं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही, म्हणून कुणाच्या ते डोक्यातच आलं नाही. बाजूच्या दाराने ती बाहेर पडली आणि मी तिच्यामागे. दारात केलेपी उभा होता. त्याला तिने झाडाखाली पाठवलं.

"आजोबा, आत जागा आहे," केलेपी सालेसीला म्हणाला.

"आणि ती?"

"किटली बघायला गेल्यात."

सालेसीने आमच्या बाजूला पाहिलं नाही. पण उठून त्याने केस पुन्हा नीट बसवले, कोट झटकला आणि आत गेला.

आम्ही दोघी हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून, टांगलेल्या चटईखाली उभ्या राहिलो. ऊन थेट तोंडावर येत होतं. आतून नानिसीचा आवाज आला, मग सालेसीची गोष्ट सुरू झाली. मासा माझ्याकडे बघतोय, मी माशाकडे बघतोय. लुपेचे ओठ शब्दागणिक हलत होते. शिंक आली. पाण्यात पडला. सगळा हॉल फुटला, आणि त्या सगळ्यांच्या वर पडद्यावरचा सालेसी हसायला लागला.

मग आणखी एक हसणं आलं. जरा मागून, पुरुषांच्या बाजूने. पडद्यावरच्यापेक्षा जाड, खोकल्याने मध्येच तुटणारं, पुन्हा सुरू होणारं. स्वतःचेच दात निसटलेले बघून माणूस हसत होता.

लुपेने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"दोन आहेत," ती म्हणाली. "ऐकलंस? दोन आहेत."

"ऐकलं."

"आईसारखं हसतो गं तो. डिट्टो आई. मला वाटायचं, आई गेली तेव्हा ते संपलं."

मी रुतलेली बांगडी सोडवली आणि म्हटलं, "चल ना आत. दारातून तरी बघ. तुझं स्वयंपाकघर येईल आता."

"माझं स्वयंपाकघर मी रोज बघते," ती म्हणाली. "सरक जरा."

मी सरकले. ती खिडकीच्या बरोबर खाली आली, कमरेची पट्टी नीट केली, आणि हात जुळवून चर्चमध्ये उभं राहतात तशी उभी राहिली. आत टाळ्या झाल्या. पुढची फिल्म लागली, मग त्याच्या पुढची. सालेसी बाहेर आला नाही. त्याला फिल्म बघण्याची गोडी लागली होती, आणि तो प्रत्येक फिल्मला हसत होता. लुपे कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच उन्हात उभी होती.